घरच्या फ्रिजमधले नमुने

प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे कुठल्याही शोधाची गोष्ट ऐकली की मी आधी विचारते, नमुने ठेवले कुठे? भारतातले पहिले एचआयव्हीबाधित नमुने मद्रासमध्ये चक्क घरच्या फ्रिजमध्ये होते!

मद्रास मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, तिथल्याच मराठी घरातल्या. 1985 च्या अखेरीस त्यांनी निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एचआयव्हीच्या शोधाचा विषय दिला. हा रोग परदेशातला, आपल्याकडे कुठला, अशी तेव्हा भल्याभल्यांची समजूत. शिवाय हा रोग सहज दिसणारा नव्हता. मेनिन्गोकॉकल मेंदूज्वर ताप आणि ताठलेली मान घेऊन येतो. त्याच्या 1985 च्या दिल्लीतल्या साथीत रुग्णच दारात आले. एचआयव्ही मात्र वर्षानुवर्षं गप्प बसतो, त्याला हुडकायलाच लागतं.

निर्मला यांनी सुधारगृहात जाऊन स्त्रियांचं रक्त घेतलं, सीरम वेगळं करून घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं. एलायझा चाचणीची सोय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी). फेब्रुवारी 1986 मध्ये नमुने बर्फात ठेवून रात्रीच्या गाडीने वेल्लोरजवळच्या काटपाडीला नेले. चाचणीत सहा नमुने पिवळे पडले, म्हणजे एचआयव्हीबाधित निघाले. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही निकाल तोच. मे महिन्यात विधानसभेत घोषणा झाली. त्या सहाजणींना ना धड आधार मिळाला ना औषध. औषध तेव्हा नव्हतंच म्हणा.

सुनीतीबाईंनी 1993 मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं आणि अखेरपर्यंत रुग्ण तपासले. 2015 मध्ये त्या गेल्या. पद्मश्री मिळाली 2017 मध्ये, फारच उशिरा.