पालघरची जागा: राजा, लाल बावटा आणि बदललेला नकाशा

सकाळच्या डहाणू लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर एका हाताने नीट धरून ठेवा, कारण आज बरीच नावं येणार आहेत. विषय आहे आपला लोकसभा मतदारसंघ, पालघर.

आधी एक गंमत. 2009 च्या आधी 'पालघर' नावाची लोकसभेची जागाच नव्हती. होता तो डहाणू, आदिवासींसाठी राखीव. 1967 मध्ये तिथून काँग्रेसचे यशवंतराव मुकणे निवडून आले. हे कोण? तर जव्हारचे राजे! संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, राजा मात्र मतपेटीतून परत आला.

आता दुसरी बाजू. 1945 मध्ये वारली उठाव झाला. वेठबिगारी बंद करा आणि 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, अशी मागणी होती. गोदावरी आणि शामराव परुळेकर गावोगाव फिरत होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. पुढे 1957 मध्ये शामराव ठाण्यातून खासदार झाले आणि 1977 मध्ये, आणीबाणीनंतर, माकपचे लहानू कोम डहाणूतून दिल्लीला गेले. म्हणजे बघा, एकाच जागेवरून दहा वर्षांत एक राजा आणि एक लाल बावट्याचा आदिवासी कार्यकर्ता! आजही डहाणूचे आमदार माकपचेच आहेत, विनोद निकोले, 2019 पासून.

1980 ते 1991 सलग चार निवडणुका काँग्रेसचे दामोदर शिंगडा जिंकले. मग 1996 मध्ये तलासरीचे वकील चिंतामण वनगा यांनी भाजपचं खातं उघडलं. 1998 ला काँग्रेसचे शंकर नम, 1999 ला परत वनगा, 2004 ला परत शिंगडा. झोपाळाच म्हणा ना.

आणि इथे येतो माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो म्हणजे नकाशा. 2008 च्या पुनर्रचनेत डहाणू गेलं, पालघर आलं. वसई पट्टा आधी मुंबई उत्तरमध्ये होता. हो, 2004 मध्ये वसईकरांचा खासदार होता गोविंदा! तो पट्टा आपल्याला जोडला गेला. आता सहा विधानसभा: डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या चार आदिवासी राखीव, आणि वसई, नालासोपारा खुल्या. निकाल लगेच दिसला. 2009 मध्ये वसई-विरारच्या बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव जिंकले, वनगा हरले. आम्ही कोड लिहिणारे म्हणतो तसं, इनपुट बदललं की आउटपुट बदलतं. उमेदवार आदिवासीच, पण कोण जिंकणार हे ठरवण्यात आता फ्लॅटमधल्या मतांचा वाटा मोठा झाला.

2014 ला वनगा परतले. जानेवारी 2018 मध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत जे घडलं ते वेब सिरीजला लाजवेल. वनगांचा मुलगा श्रीनिवास शिवसेनेकडून उभा, तर भाजपकडून काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित. सरकारमध्ये दोघं मित्र आणि इथे समोरासमोर! गावित 29,572 मतांनी जिंकले. 2019 ला युती झाली, जागा सेनेला गेली आणि गावितही जागेसोबत सेनेत गेले. परत खासदार! 2024 ला जागा भाजपकडे आली आणि डॉ. हेमंत सवरा 1,83,306 मतांनी जिंकले. ते माजी आदिवासी विकास मंत्री विष्णू सवरा यांचे चिरंजीव. गावित त्याच वर्षी शिंदेंच्या सेनेकडून पालघरचे आमदार झाले, म्हणजे ज्या श्रीनिवासना हरवलं होतं, त्यांच्याच जागेवर.

हसू येतं, पण मला यात एक टोचणारी गोष्ट दिसते. चिन्हं बदलली, माणसं बदलली, तरी या भागाचं आयुष्य बदलणारे निर्णय वरूनच आले. तारापूरचं अणुकेंद्र 1969 ला सुरू झालं. पुढे तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मग एमआयडीसी, बुलेट ट्रेन आणि आता वाढवण बंदर. 1998 मध्ये डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने या बंदराला नकार दिला होता, 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 ला भूमिपूजनही झालं. या पंचवीस वर्षांत खासदार सगळ्या रंगांचे होऊन गेले. किनाऱ्यावरचे मच्छीमार मात्र तेच निवेदन घेऊन उभे राहिले.

म्हणून पुढच्या पुनर्रचनेकडे लक्ष ठेवा मंडळी. जागा राखीव आहे की नाही, एवढंच बघून भागत नाही. रेषा कुठून कुठे जाते आणि तुमचं गाव कोणत्या शहराबरोबर बांधलं जातं, तेही बघावं लागतं. उमेदवारांची यादी येते तेव्हा आपण सगळे जागे होतो. नकाशा त्याच्या कितीतरी आधी बनतो, आणि त्यावर हरकती मागवतात तेव्हा आपण बहुतेक वेळा रील बघत असतो.

घरी कोणी सत्तर-पंच्याहत्तरीचं असेल तर आज विचारा, 1977 ला मत कोणाला दिलं होतं? उत्तर ऐकण्यासारखं असेल. भेटूया पुढच्या भागात!