अर्धवेळ अग्निशामक : कामाचे तास आणि रोजगाराच्या संधी

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची गंजी, उन्हाळ्यात कडबा किंवा गोठा आणि वीजतारांच्या घर्षणाने उभा ऊस. हिंगोली जिल्ह्यात आग लागते ती बहुधा शेतशिवारात. अग्निशमन बंब मात्र शहरात उभा असतो. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाच तालुके आहेत. हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगरपरिषदा, तर औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायती आहेत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार असून, शंभरातील सुमारे ८५ जण ग्रामीण भागात राहतात. आगीची वर्दी मिळाल्यावर शहरात पाच आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोहोचावा, अशी केंद्रीय स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेची शिफारस आहे. हे अंतर पूर्णवेळ दलाच्या बळावर कापणे कठीण असल्याने अर्धवेळ अग्निशामकांचा विचार महत्त्वाचा ठरतो.

जबाबदारी कोणाची?

७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी स्वराज्य संस्थांचा विषय आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसारही आग विझविणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत मात्र अग्निशमनाचा उल्लेख नाही. त्यामुळे गावाला स्वतःचे दल नसते आणि शेजारच्या शहराच्या बंबावर विसंबावे लागते.

पूर्णवेळ दलाचा हिशेब

आठवड्याचे तास १६८. एका कर्मचाऱ्याने ४८ तास काम केले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. एका बंबावर सहा जणांची तुकडी धरल्यास ही संख्या २१ होते. रजा, आजारपण व प्रशिक्षण यांसाठी आणखी काही जण लागतात. लहान नगरपरिषदेला हा खर्च सहज पेलत नाही. मग पदे रिक्त राहतात, कंत्राटी कर्मचारी घेतले जातात किंवा असलेल्यांच्या पाळ्या लांबतात. धुरात व उष्णतेत काम करणाऱ्याच्या बाबतीत थकवा हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. थकलेल्या माणसाचा निर्णय चुकला, तर त्याचा व त्याच्या सहकाऱ्यांचा जीव धोक्यात येतो.

कारखान्यांतील कामगारांसाठी कारखाना अधिनियम, १९४८ ने दिवसाला नऊ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तीत दिवसाला आठ तास, आठवड्यातून सहाच दिवस काम आणि जादा कामासाठी दुप्पट वेतन, तेही कामगाराच्या संमतीने, अशा तरतुदी आहेत. मात्र घरी थांबून वर्दीची वाट पाहण्याचा वेळ कामाचा धरायचा की नाही, याचे थेट उत्तर या तरतुदींत मिळत नाही. अर्धवेळ अग्निशामकांच्या बाबतीत कळीचा प्रश्न नेमका हाच आहे.

परदेशातील दाखले

ब्रिटनमधील ग्रामीण केंद्रांचा भार मुख्यतः 'ऑन-कॉल' अग्निशामक वाहतात. दुकानदार, सुतार, शेतकरी अशी माणसे आपला व्यवसाय सांभाळून वर्दी येताच काही मिनिटांत केंद्रावर हजर होतात. त्यांना ठरावीक वार्षिक मानधन आणि प्रत्यक्ष कामाचा वेगळा मोबदला मिळतो. २००६ मध्ये तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने, पूर्णवेळ व अर्धवेळ अग्निशामकांच्या कामाची तुलना करताना त्यातील साम्याला योग्य वजन दिले पाहिजे, असा निकाल दिला. त्यानंतर अर्धवेळ अग्निशामकांना निवृत्तिवेतनाचे हक्कही मिळाले.

युरोपीय न्यायालयाचे दोन निकाल उद्बोधक आहेत. बेल्जियममधील निव्हेल शहराच्या स्वयंसेवी अग्निशामकाला घरी थांबून आठ मिनिटांत हजर होण्याचे बंधन होते. हा वेळ कामाचाच होय, असे न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले. २०२१ मध्ये डब्लिनच्या प्रकरणात निकाल वेगळा लागला. तेथील अग्निशामकाला दहा मिनिटांची मुदत होती, ठरावीक जागी थांबण्याची सक्ती नव्हती, प्रत्येक वर्दीला जाण्याचे बंधन नव्हते आणि तो टॅक्सीचा व्यवसायही करीत असे. अशा वेळी संपूर्ण प्रतीक्षाकाळ कामाचा मानता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. तात्पर्य, बंधन जितके कडक, तितका तो वेळ कामाचा मानला जाण्याची शक्यता अधिक.

संधी कोठे?

महाराष्ट्रात या व्यवस्थेच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था म्हणजे होमगार्ड. मुंबई होमगार्ड अधिनियम, १९४७ खालील या संघटनेत नोकरी-व्यवसाय सांभाळून सेवा करता येते. दहावी उत्तीर्ण, २० ते ५० वर्षे वयाचे उमेदवार पात्र ठरतात. प्रशिक्षणात अग्निशमनाचा समावेश असतो. ऑक्टोबर २०२४ पासून कर्तव्यभत्ता प्रतिदिन १,०८३ रुपये करण्यात आला. तीन वर्षांच्या सेवेनंतर पोलीस, वन व अग्निशमन दलाच्या भरतीत पाच टक्के आरक्षण मिळते, हा मोठा लाभ होय. वनविभागही १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या काळात जाळरेषा काढणे व आग विझविणे यांसाठी हंगामी मजूर घेतो. हिंगोलीत जंगल कमी असल्याने येथे या संधी मर्यादित आहेत.

पूर्णवेळ नोकरीसाठी महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा सहा महिन्यांचा फायरमन अभ्यासक्रम उपयुक्त आहे. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय वरिष्ठ पदांसाठी प्रशिक्षण देते. २०२३ मध्ये नगरपरिषद संचालनालयाने जाहीर केलेल्या १,७८२ जागांपैकी ३७२ अग्निशमन अधिकाऱ्यांच्या होत्या.

खासगी क्षेत्रातही वाव आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला आगरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली, तेव्हा या तपासणीचे महत्त्व साऱ्या राज्याला कळले. रुग्णालये, साखर कारखाने, जिनिंग आणि वसमत-हिंगोलीतील हळदीची गोदामे येथे प्रशिक्षित माणसाची गरज बारमाही आहे.

अर्धवेळ पथके उभारायची झाल्यास प्रतीक्षाकाळाचा मोबदला, सलग कामाची कमाल मर्यादा, दोन पाळ्यांमधील विश्रांती, विमा आणि गणवेश-साधने या पाच बाबी नियुक्तीपत्रात लेखी असणे आवश्यक आहे. मूळ नोकरीतील तास या हिशेबात धरले नाहीत, तर दिवसभर राबलेला माणूस रात्री आगीसमोर उभा राहील आणि कागदोपत्री मात्र त्याचे तास मर्यादेतच दिसतील.