लझान्याची खतावणी

"बाबा, रविवारी लझान्या!" असे कन्येने जाहीर केले, तेव्हा तिची कुणी मैत्रीण येत असावी असे मला वाटले. "येऊ दे की, जेवूनच जा म्हणावं," मी म्हणालो. पण लझान्या येणार नव्हती, व्हायची होती; आणि तिच्यासाठी मला अर्धा किलो मटणाचा खिमा आणायचा होता.

आता मी पडलो बी.कॉम. आणि त्यातून बँकेतला कारकून. कागद बघितल्याशिवाय मी कुणाला पाच रुपये दिलेले नाहीत, तर खिमा काय देणार? म्हणून या बाईंची पूर्वपीठिका तपासायला बसलो.

"हे सगळं मार्को पोलोनं चीनहून आणलं," असे शेजाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितले होते. मी तारखा लावून पाहिल्या. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. आणि १२७९ साली जिनोआतल्या उगोलिनो स्कार्पा नावाच्या नोटरीने एका सैनिकाच्या चीजवस्तूंची यादी केली, तीत 'मॅकरोनीने भरलेली पेटी' अशी नोंद आहे. झाले! एवढा मोठा जगप्रवासी, पण एका लेखनिकाच्या एका ओळीने त्याच्या नावावरची जमा रद्द झाली. माझी छाती उगाचच दोन इंच फुगली.

लझान्याचे खातेही तसे जुनेच. नेपल्सच्या दरबाराशी नाते सांगणाऱ्या 'लिबेर दे कोक्विना' या चौदाव्या शतकातल्या लॅटिन पाकपुस्तकात तिची कृती आहे. आंबवलेले पीठ पातळ लाटायचे, तीन बोटांचे चौकोन कापायचे, उकडायचे आणि किसलेले चीज व मसाला घालत थरावर थर रचायचे. खायचे कशाने, तर अणकुचीदार काडीने. टोमॅटोचे नाव नाही. असणार कुठून? टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, आणि कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. म्हणजे ज्या लाल रंगावरून आपण इटालियन पदार्थ ओळखतो, तो तिथे बदलीवर आलेला!

पण खरी शिस्त बोलोन्या शहराची. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली टॅग्लियातेल्ले नावाच्या चपट्या शेवईचा सोन्याचा नमुना ठेवण्यात आला. शिजल्यावर तिची रुंदी आठ मिलिमीटर भरली पाहिजे. आपण सोने लॉकरमध्ये ठेवतो, त्यांनी शेवई ठेवली! १९८२ साली 'रागू'ची, म्हणजे खिम्याच्या दाट रश्श्याची, कृती तिथे रीतसर दाखल झाली: गोमांस, पॅन्सेटा, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, वाइन, दूध. पालकाच्या हिरव्या थरांची लझान्या २००३ साली नोंदली गेली. आणि २०२३ साली रागूची सुधारित कृतीसुद्धा दाखल करून झाली.

मी हसलो खरा. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून खिम्याचा वास आला आणि हसू आपोआप थांबले. आमच्या सीकेपी घरात खिम्याचे पॅटिस आईच्या हातचे. प्रमाण विचारले की म्हणायची, "लागेल तेवढं." आई जाऊन नऊ वर्षे झाली. हिने तीनदा तो खिमा करून पाहिला. तिन्ही वेळा छान झाला, पण आईचा झाला नाही. आयुष्यभर परक्यांच्या पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या माझ्या हातून घरातली एवढी एक ओळ लिहायची राहून गेली. त्या सैनिकाच्या पेटीला निदान एक नोटरी तरी भेटला होता.

लझान्या झाली. कडा करपल्या होत्या, पण मधला भाग असा उतरला होता, की आम्ही तिघांनी मिळून ताटली पुसून काढली. हात धुऊन मी कपाटातली कोरी डायरी काढली, तारीख घातली आणि कन्येला समोर बसवले. खिमा ५०० ग्रॅम. चीज २०० ग्रॅम. कांदे दोन. दूध अर्धा लिटर. मैदा दोन चमचे. सगळे रकाने भरत आले.

"आणि मीठ?"

"अहो बाबा, लागेल तेवढं!"

मी पेन थांबवून तिच्याकडे बघत राहिलो. मग तेच शब्द जसेच्या तसे लिहिले आणि खाली सही केली.