मलावीचा मका आणि उखळाची परीक्षा

मलावी नकाशात दाखव म्हटलं तर आपल्यापैकी निम्मे लोक अडखळतील. झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये चेपून बसलेला हा चिंचोळा देश १९६४ साली स्वतंत्र झाला. बहुतेक शेतकऱ्यांकडे जमीन हेक्टरभर किंवा त्याहून कमी. पाऊस एकदाच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आणि ताटात रोज न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. 'चिमांगा न्दी मोयो' अशी तिथे म्हणच आहे. मका म्हणजे जीव!

या वीकांताला त्याच मक्याबद्दल लिहितोय, कारण त्यात आपल्या धंद्यातल्या लोकांना फारच ओळखीचा वाटेल असा एक किस्सा आहे.

१९६० साली शेजारच्या दक्षिण ऱ्होडेशियात (आजचा झिम्बाब्वे) एसआर-५२ नावाचा संकरित मका आला. उत्पन्न दणदणीत. तिथल्या मोठ्या गोऱ्या शेतकऱ्यांनी तो पटापट उचलला. मलावीतल्या छोट्या शेतकऱ्यांनी मात्र १९८० चं दशक संपत आलं तरी संकरित मका फारच थोड्या रानात लावला होता. बाकी सगळीकडे 'पूर्वजांचा मका'. (गंमत म्हणजे हा पूर्वजांचा मकासुद्धा मूळचा अमेरिकेतलाच!) शेतकरी अडाणी, जुन्याला चिकटलेला, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

खरी भानगड दाण्यात होती. नव्या वाणांचा दाणा 'डेंट' जातीचा, म्हणजे माथ्यावर खळगा असलेला, आतून मऊ, पिठूळ. गावठी मका 'फ्लिंट', गारगोटीसारखा टणक. मलावीत बायका मका उखळात कांडायच्या. टणक दाण्याचा कोंडा नीट सुटतो आणि आतला दाणा शाबूत राहतो. मऊ दाणा मुसळाखाली फुटतो, त्याचा चुरा कोंड्याबरोबर निघून जातो आणि पांढरं पीठ कमी पडतं. शिवाय मऊ दाण्याला कीड लवकर लागते, आणि साठवण तर पुढच्या एप्रिलपर्यंत पुरवायची असते. म्हणजे बघा, संशोधक हेक्टरी किती टन ते मोजत होते आणि घरची बाई फेब्रुवारीत कणगीत किती उरलं ते मोजत होती. रिक्वायरमेंट घेताना खऱ्या यूजरला कुणी विचारलंच नव्हतं! आपल्याकडे १९६४ साली सीएसएच-१ ही हायब्रीड ज्वारी आली तेव्हाही भाकरीवरून घरोघर कुरकुर झालीच होती की.

१९९० साली चितेझे संशोधन केंद्रातून एमएच-१७ आणि एमएच-१८ हे दोन वाण आले. उत्पन्न संकरिताचं आणि दाणा बराचसा टणक. दोन-तीन वर्षांतच छोट्या शेतकऱ्यांच्या मक्याखालच्या सुमारे पाव रानात संकरित मका दिसू लागला. तेच 'अडाणी' शेतकरी बरं का.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण संकरित बियाणं दरवर्षी नवीन घ्यावं लागतं, त्याला खत लागतं आणि त्यासाठी कर्ज. १९९२ च्या दुष्काळात कर्जं थकली. मग सत्तांतराच्या धामधुमीत ती माफ होणार अशी हवा झाली आणि सरकारी कर्जव्यवस्थाच कोसळली. १९९४ मध्ये क्वाचा हे चलन खुलं झालं, त्याची किंमत घसरली, बाहेरून येणारं खत भडकलं. पाठोपाठ सबसिडीही गेली. ज्याच्या घरात जानेवारीत दाणा नाही तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातो (याला तिथे 'गान्यू' म्हणतात), आणि त्याच आठवड्यांत त्याच्या स्वतःच्या शेतात तण माजतं. म्हणजे पुढचं वर्षही उपाशीच.

१९९८ मध्ये सरकारने जवळजवळ प्रत्येक शेतकरी कुटुंबाला ०.१ हेक्टरपुरतं बियाणं आणि खत फुकट वाटलं. पुढे हे वाटप आखडत गेलं. २००१-०२ मध्ये पीक घटलेलं, धान्याचा राखीव साठा विकून टाकलेला, आणि माणसं भुकेने मेली. २००५ च्या दुष्काळात पीक जेमतेम १२ लाख टनांवर आलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी देणगीदार देशांच्या नाराजीला न जुमानता कूपनं वाटली. खताची दोन पोती बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात, आणि जोडीला सुधारित बियाणं. २००६ मध्ये सुमारे २६ लाख टन, २००७ मध्ये सरकारी आकड्यांनुसार ३४ लाख टन!

पाऊसही चांगला झाला होता, आणि आकडे फुगवलेले असल्याची शंका नंतर अनेकांनी घेतली. २००८ मध्ये मक्याचे भाव पुन्हा चढले, आणि २०१६ च्या दुष्काळानंतर तर ६५ लाख लोकांना अन्नाची मदत लागली. म्हणून कूपनं फुकट गेली म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. युरियाच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो नत्र असतं आणि वेळेवर पडलं तर ते मक्याला लागू पडतंच. पण समुद्रकिनारा नसलेल्या देशाला ते पोतं डॉलरमध्ये विकत घ्यावं लागतं. २०२० मध्ये योजनेचं नाव बदललं, लाभार्थी वाढले, आणि दोनच वर्षांत युक्रेनच्या युद्धाने खताचे भाव आभाळाला भिडवले.

उखळाचा बग १९९० मध्ये सुटला. ते पोतं पहिल्या पावसाआधी त्या बाईच्या शेतावर कुणाच्या पैशाने पोचणार, हा मात्र अजून ओपनच आहे.