न सांगता बदलणारे टाइप

पिंप्राळ्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याचा हिशेब संगणकावर घ्यायचा म्हटला, तर यादीच्या पोटात यादी येणारच. शेतकऱ्याच्या नावापुढे घड, घडात फण्या, फणीत केळी. समजा, ही माहिती जावातल्या जुन्या प्रोग्राममधून येते आणि पुढचं काम स्काला या फंक्शनल वळणाच्या भाषेत आहे. दोन्हीकडच्या याद्यांचे टाइप निराळे. रूपांतर कुणी करायचं?

कंपायलरने ते परस्पर उरकावं, ही खोड जुनी. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये पूर्णांकाच्या चलात ३.७ ठेवले की मुकाट ३ उरत. अल्गोल ६८ ने अशा रूपांतरांना रीतसर नियमांत बसवलं. त्यातल्या 'रोइंग'ने तर एकट्या किमतीची आपोआप एका घटकाची रांग होई. हॅस्केलवाल्यांना हे मानवलं नाही. वॅडलर आणि ब्लॉट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या टाइप क्लासमध्ये कंपायलर टाइपला साजेशी क्रिया शोधून देतो, किमतीचा टाइप मात्र बदलत नाही.

मार्टिन ओडर्स्की यांच्या स्कालाला दोन्ही हवं होतं. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'इम्प्लिसिट' हा एकच शब्द दोन्ही कामांना जुंपला गेला. २०१० मध्ये २.८ या आवृत्तीबरोबर 'जावाकन्व्हर्जन्स' आलं: एक इम्पोर्ट लिहा आणि जावाची यादी स्कालाची समजून वापरा.

पण बदले फक्त वरचा थर. घडांची यादी स्कालाची, आतल्या फण्या जावाच्याच! आत शिरायचं तर 'मॅप' वापरून प्रत्येक घटकावर तेच रूपांतर चालवायला हवं. तसा इम्प्लिसिट नियम लिहिता येतो: 'अ'चा 'ब' होत असेल, तर 'अ'च्या यादीची 'ब'ची यादी होते. हा नियम स्वतःचाच आधार घेत कितीही खोल उतरतो. दिसायला देखणा, पण साध्या ओळीआड हजारो घटकांची नवी यादी बांधली जाते आणि कोड वाचणाऱ्याला पत्ता नसतो. मला हा सौदा महागच वाटतो.

स्कालालाही वाटला असावा. 'ॲझस्काला' असं उघड लिहायला लावणारा पर्याय २०१० मध्येच आला. २०१३ पासून नवं इम्प्लिसिट रूपांतर लिहिलं की कंपायलर इशारा देऊ लागला. २०१९ च्या २.१३ मधून जावाकन्व्हर्जन्स गेलंच.

आता प्रत्येक थराला ॲझस्काला लिहायचं. तेही नावापुढच्या किमतींवर क्रिया चालवणाऱ्या जुन्या 'मॅपव्हॅल्यूज'मधून केलं, तर शेतकऱ्याचं नाव जितक्यांदा विचाराल तितक्यांदा आतलं रूपांतर नव्याने होतं.