इटलीचे सायकल-कारागीर

ब्रुसेल्स शहरांतील एका भुयारी रेल्वेच्या स्थानकांत नारिंगी रंगाची एक शर्यतीची सायकल मांडून ठेवलेली आहे. स्थानकाला नांव एडी मर्क्स याचें, आणि सायकलहि त्याचीच. २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं मेक्सिको नगरींत या सायकलीवरून त्यानें एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. तिचें वजन सहा किलोंच्या आंत होतें. तें साधण्यासाठीं हँडलालासुद्धां भोकें पाडलीं होतीं. विक्रमाच्या दिवशीं तिच्यावर जें नांव झळकत होतें तें मात्र 'विंडसर', म्हणजे मेक्सिकोंतील एका सायकल-कारखान्याचें. तिच्या घडणींत त्या कारखान्याचा हात मुळींच नव्हता. ती घडविली होती मिलानजवळच्या काम्बियागो गांवीं राहणाऱ्या एर्नेस्तो कोल्नागो यानें.

जुन्या इटालियन पोलादी फ्रेमींचे भक्त आज देशोदेशीं पसरले आहेत. ते कोल्नागो, मासी, चिनेल्ली, दे रोसा हीं नांवें एखाद्या गायकी घराण्याच्या अभिमानानें घेतात आणि त्यांसाठीं भारी किंमतहि मोजतात. त्यांच्या रसिकतेला आमचा आक्षेप नाहीं. परंतु या फ्रेमींची मोहिनी नांवांत नसून हातांत आहे, असें आम्हांस वाटतें. आणि नांव व हात यांची वारंवार झालेली फारकत हा या कारागिरीच्या इतिहासाचा गाभाच होय.

'हातानें केलेली' हे शब्द प्रथम जरा तपासून घेतले पाहिजेत. कारागीर पोलाद गाळीत नसे व नळीहि ओढीत नसे. नळ्या येत त्या बहुधा मिलानमधील कोलंबस या कारखान्यांतून. आंजेलो लुइजी कोलंबो यानें तो धंदा १९१९ सालीं सुरू केला होता. टोंकांशीं जाड व मध्यें पातळ अशी नळी करण्याची युक्ति तर इंग्रजांची, रेनल्ड्स यांनीं १८९७ सालीं पेटंट घेतलेली. कोलंबसच्या 'एस. एल.' जातीच्या मुख्य नळ्या टोंकांशीं ०.९ व मध्यभागीं अवघ्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या असत. मागचें चाक ज्या खाचांत बसतें ते तुकडे विचेंत्सा येथील काम्पान्योलो यांच्याकडून घडवून येत. नळ्यांना एकत्र धरणारीं, 'लग' नांवाचीं पोलादी कोंदणें, तींहि विकतचीं. मग हाताला उरलें काय?

उरला तो सांधा. एका नळीचें टोंक दुसरीच्या गोलाईवर फट न राहतां टेकावें म्हणून कारागीर तें माशाच्या उघड्या तोंडासारखें कापी व कानशीनें घांसघासून बसतें करी. नंतर ज्योतीखालीं तो सांधा लाल होऊं लागला कीं पितळ लावावयाचें. नळी व कोंदण यांमधील केसाएवढ्या फटींत तें वितळलेलें पितळ आपोआप ओढलें जातें. आंच कमी पडली तर तें आंतवर पोंचत नाहीं, आणि सांधा वरून सुरेख दिसूनहि आंतून पोकळ राहतो. आंच अधिक झाली तर ती पातळ नळी कमकुवत होते, आणि पुढें कधीं तरी उतारावर भरवेगांत असतांना सांध्यालगतच दगा देते. पोलादाच्या तांबडेपणाची नेमकी छटा ओळखणारा डोळा हेंच येथलें मोजमाप. सांधा निवाल्यावर कानशीनें कोंदणाच्या कडा इतक्या पातळ करीत कीं, बोट फिरवलें असतां कोंदण कोठें संपतें व नळी कोठें सुरू होते तें लवकर उमगूं नये. रंग चढल्यावर यांतील बहुतेक मेहनत झांकली जाई.

दुसरा भाग मापाचा. मिलानच्या विगोरेली शर्यत-मार्गाच्या बैठकींखालीं फालिएरो मासी याचें दुकान असे. १९३५ सालीं उघडलेल्या या मार्गावर फाउस्तो कोप्पी यानें १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, तासाचा विक्रम केला होता. मासीला लोक 'शिंपी' म्हणत, आणि तें नांव अगदीं अन्वर्थक होतें. गिऱ्हाइकाच्या मांडीची, धडाची व हातांची लांबी पाहून तो फ्रेम बेतीत असे. याला चैन समजूं नये. सप्टेंबर १९६९ मध्यें ब्लुआ येथील अपघातांत मर्क्सच्या कमरेला इजा झाली, आणि तेव्हांपासून खोगीर रेसभर वर, रेसभर खालीं करीत तो वेदना चुकविण्याची धडपड करीत राहिला. अशा माणसाला कारखान्याच्या ठराविक मापाची फ्रेम काय कामाची? कूझानो मिलानीनो येथील ऊगो दे रोसा (१९३४–२०२३) त्याच्या संघाचा फ्रेमकार झाला, त्याच्या मुळाशीं ही दुखरी कंबरहि होती, असें आमचें अनुमान आहे.

हें सर्व इटलींतच कां बहरलें? एदोआर्दो बियांकी यानें मिलानमध्यें १८८५ सालीं दुकान काढलें, १९०९ सालीं 'जीरो दि'तालिया' ही देशभर फिरणारी शर्यत सुरू झाली, हें तर खरेंच. पण आमच्या मतें निर्णायक गोष्ट महायुद्धानंतर घडली. १९४६ सालीं व्हेस्पा आली, १९५५ सालीं फियाटची ६०० ही छोटी मोटार आली, आणि मजुराची रोजची सायकल हळूहळू मागें पडली. राहिली ती शर्यतीची. आणि शर्यतीच्या सायकलीला मोठा कारखाना नको, एक चिमटा, एक ज्योत आणि जाणता माणूस पुरे. चीनो चिनेल्ली यानें तर १९४३ सालीं मिलान–सान रेमो ही शर्यत स्वतः जिंकून १९४८ सालीं धंदा मांडला. दुखतें कोठें, हें सांगावयास त्याला गिऱ्हाइकाची गरज नसावी!

नांवाची गोष्ट मात्र या भरभराटींतच बिघडली. शर्यतपटूंना पगार देत त्या बियांकी, लेन्यानो यांसारख्या सायकल-कंपन्या. १९५४ सालीं फियोरेंत्सो मान्यी यानें निव्हिया या मलमवाल्यांना आणल्यापासून परके धनीहि आले. शर्यतपटू विश्वासाच्या कारागिराकडून फ्रेम करवून घेई, आणि तिच्यावर धन्याच्या मालाचा रंग व नांव चढे. उलट, कारागीर प्रसिद्ध झाल्यावर मागणी एवढी वाढे कीं तोच दुसऱ्यांच्या दुकानांतून फ्रेमी करवून घेई. अशा परभारें काम करणाऱ्यांना इटालियनांत 'तेर्झिस्ती' म्हणतात. उत्तमोत्तम सांधे झाळणारे यांपैकीं कित्येक जण कोणत्याच नळीवर नोंदले गेले नाहींत. मासीच्या बाबतींत तर नांवच परदेशीं गेलें. १९७० नंतर अमेरिकेंत सायकलींची लाट उसळली, तींत फालिएरोनें तेथील नांवाचे हक्क विकले व कॅलिफोर्नियांत कार्ल्सबाड येथें दुकान उभें राहिलें. विगोरेलीच्या बैठकींखालीं मुलगा आल्बेर्तो काम करीत राहिला. पण अमेरिकेंत स्वतःच्या आडनांवानें फ्रेम विकण्याची सोय त्याला उरली नाहीं.

पोलादाला प्राण असतो, असें भक्त म्हणतात. आम्हांस तें विक्रेत्याचें काव्य वाटतें. वेगाच्या हिशेबांत पोलाद हरलें आहे. २०२२ सालीं फिलिप्पो गान्ना या इटालियनानेंच तासांत ५६.७९२ किलोमीटर तोडले, आणि त्याच्या पिनारेल्लो सायकलीची फ्रेम धातूच्या भुकटीपासून यंत्रानें छापून काढलेली होती. पोलादी फ्रेमीचें श्रेष्ठत्व आमच्या मतें निराळें आहे: वांकलेली नळी सांधा तापवून काढतां येते व तिच्या जागीं नवी झाळतां येते. एका माणसाचें काम दुसरा उलगडून पाहूं शकतो आणि दुरुस्त करूं शकतो. तोस्काना प्रांतांत गायोले येथें १९९७ पासून भरणाऱ्या 'एरोइका' या फेरींत १९८७ पर्यंतच्याच सायकलींना प्रवेश असतो. पांढऱ्या धुळीच्या रस्त्यांवर त्या अजून चालतात, त्याचें श्रेय या गुणालाहि आहे.

जुनीं नांवें आतां नव्यानें छापून मिळतात आणि कोणत्याहि फ्रेमीवर चिकटवितां येतात. म्हणून जाणता ग्राहक नांव वाचीत बसत नाहीं. तो सायकल उलटी करतो, पायट्यांचा आंस काढून त्या रिकाम्या कवचांत दिवा धरतो, आणि नळ्यांचीं टोंकें कशीं कापलीं आहेत व पितळ आंतपर्यंत पोंचलें आहे कीं नाहीं, तें पाहतो.