हवेचा हिशेब

श्रोतेहो, पावसाळ्यात पापड सादळतात, दाराची फळी फुगते, हा आपल्या घरचाच अनुभव. १९०२ साली अमेरिकेतील ब्रुकलिनच्या एका छापखान्याला याच ओलीने हैराण केले होते. रंगीत चित्राचा एकेक रंग वेगळा छापायचा. मधल्या वेळात दमट हवेने कागद फुगे आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसेना.

विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअराने थंड नळ्यांवरून हवा फिरवून तिच्यातले पाणी काढण्याची योजना आखली. पुढे १९११ साली त्याने हवेतील उष्णता आणि ओल यांचे गणितच मांडले.

आता यंत्र केवढे घ्यावे? मोठ्यात मोठे घेतले की झाले, असे वाटते. पण तसे नाही बरे! वाजवीपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते. ओल मात्र मागे राहते. लहान यंत्र ऐन उन्हाळ्यात पुरत नाही. म्हणून माणसे किती, खिडक्या कोणत्या दिशेला, छप्पर कशाचे, हे आधी मोजावे लागते.

पूर्वी वर्षातल्या एखाद्या कडक दिवसावरून हा हिशेब हाताने मांडीत. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, इंधन वाचवण्याची निकड भासली आणि संगणकावर वर्षाच्या ८,७६० तासांचा हिशेब करण्याला जोर आला. २००१ साली ‘एनर्जीप्लस’ ही आज्ञावली आली. मात्र खिडकी चुकीची सांगितली, तर संगणकाचे उत्तरही चुकणारच.

गुरुजी, या धड्याला यंत्र नको. पावसाळ्यात बर्फाच्या पाण्याचा तांब्या मेजावर ठेवा आणि मुलांना विचारा: बाहेरचे हे थेंब आले कोठून?